ताडोब्याला जाताना कॅमेऱ्याच्या बॅगेत काय भरायचं

चंद्रपूर सोडून मोहर्लीच्या रस्त्याला लागलं की मे महिन्यात खिडकीची काच खाली करवत नाही. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, आणि पुढचे दोन दिवस याच हवेत, उघड्या जिप्सीत, मातीच्या रस्त्यावर कॅमेरा चालवायचा असतो. म्हणून बॅग भरताना मी आधी धुळीचा आणि पहाटेच्या उजेडाचा विचार करतो, वाघ किती लांब असेल याचा नंतर. बहुतेकांचा क्रम उलटा असतो: मिळेल तेवढी लांब पल्ल्याची लेन्स आणायची आणि बाकी जे बसेल ते कोंबायचं. हा हिशेब ताडोब्यात चुकतो.

वाघ इथे बऱ्याचदा रस्त्यावरच भेटतो. जिप्सीची वाट ही जनावरांचीही वाट असते. दोन्ही बाजूंना बांबू दाटलेला, मग त्यालाही मऊ मातीतून चालणंच सोयीचं. अशा वेळी अंतर पंधरा-वीस मीटरसुद्धा असू शकतं. फ्रेममध्ये किती मावेल हे घरी बसून काढता येतं: सेन्सरची रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या, तिला अंतराच्या मीटरने गुणा आणि लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या फोकल लेंग्थने भागा. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो. वीस मीटरवर ४०० मिमीला उत्तर येतं १.८ मीटर. मोठा नर वाघ शेपटीसकट पावणेतीन-तीन मीटर भरतो, म्हणजे तो आडवा उभा राहिला तर शेपूट गेलीच. क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरवर (२३.५ मिमी) ६०० मिमी लावली तर त्याच वीस मीटरवर ७८ सेंटिमीटर मिळतात. म्हणजे नुसता चेहरा. चेहरा सुंदरच येतो, पण वाघ चालत जवळ यायला लागला की त्या लेन्समधून काहीच मावत नाही.

त्यामुळे माझं मत ठाम आहे: ताडोब्यासाठी ठरावीक फोकल लेंग्थची अवजड लेन्स नको, झूम हवी. क्रॉप बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) असेल तर १००-४०० पुरेशी. फुल फ्रेमवर १५०-६०० किंवा २००-६०० घ्या. वजनाचाही विचार करा. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी जवळपास दोन किलोची आहे, निकॉनची २००-५०० दोन किलो तीनशे ग्रॅमची. सफारी चार तासांच्या आसपास चालते आणि साइटिंग झाली, म्हणजे वाघ दिसला, की ही लेन्स दहा-पंधरा मिनिटं सलग डोळ्याला लावून धरावी लागते. हात थरथरायला लागले की स्टॅबिलायझेशनचाही इलाज चालत नाही.

हलक्या लेन्सचा मोह होतो, आणि तो वाईट नाही. कॅननची आरएफ १००-४०० फक्त ६३५ ग्रॅमची आहे. मात्र ४०० मिमीला तिचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, एफ ८ असतं (आकडा मोठा तसं छिद्र लहान). एफ ५.६ च्या लेन्सपेक्षा निम्मा उजेड आत येतो, म्हणजे तोच शटर स्पीड ठेवायला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) दुप्पट. पहाटे सागाच्या आणि बांबूच्या सावलीत एफ ५.६ ला आयएसओ ३२०० लागत असेल तर हिला ६४०० लागणार. अलीकडच्या फुल फ्रेम बॉडीवर हे खपून जातं. जुन्या क्रॉप बॉडीवर वाघाच्या पट्ट्यांमधले केस पुसट होऊन सगळं अंग रंगवल्यासारखं दिसतं. मे महिन्यात लवकर उजाडतं, तेव्हा हा अंधार अर्धा-पाऊण तासच छळतो. नाताळच्या सुट्टीत जाणार असाल तर तो बराच वेळ टिकतो, आणि तेव्हा मी वजन सोसून मोठ्या ॲपर्चरची लेन्स नेईन.

दुसरी लेन्स कोणती, हा प्रश्न पुष्कळजण मोबाइलवर सोडून देतात. इथे ते चालत नाही, कारण सफारीत मोबाइल वापरायला बंदी आहे. पाणवठ्यावर अंग बुडवून बसलेली वाघीण आणि मागे सगळं उन्हाळी जंगल असा रुंद फोटो हवा असेल तर तो कॅमेऱ्यानेच काढावा लागेल. आणि जिप्सीत लेन्स बदलायची नाही. सहा पर्यटक, गाइड, ड्रायव्हर, मागून येणाऱ्या गाडीचा धुरळा. यात बॉडी उघडली की सेन्सरवर धूळ बसलीच, आणि पुढच्या प्रत्येक फोटोत आकाशात तेच डाग. म्हणून दोन बॉडी: एकीवर लांब झूम, दुसरीवर २४-७० किंवा २४-१२०. दुसरी बॉडी जुनी, साधी असली तरी चालेल. ती मिळण्यासारखी नसेल तर एकाच झूमवर समाधान मानावं. रुंद फोटो सफारीबाहेर, बफरमधल्या, म्हणजे जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावात आणि इरई धरणाच्या काठावर काढता येतात.

घरातल्या ज्यांना लेन्सबिन्सच्या भानगडीत पडायचं नाही त्यांच्यासाठी ब्रिज कॅमेरा (न बदलणारी लांब झूम असलेला) हा खरोखर चांगला पर्याय आहे. सोनीचा आरएक्स१० मार्क ४ साधारण अकराशे ग्रॅममध्ये फुल फ्रेमच्या हिशेबाने २४ ते ६०० मिमी देतो, तेही एफ २.४ ते ४ ला, एक इंची सेन्सरवर. निकॉनचा पी९५० थेट २००० मिमीपर्यंत जातो, पण त्याचा सेन्सर फार लहान; भर उजेडात पक्षी छान टिपतो, पहाटे दाणेदार होतो. आणि २००० मिमीचा ताडोब्यात उपयोग कमीच, कारण नऊनंतर जमीन तापली की तिच्यावरची हवा थरथरायला लागते. ताडोबा तलावाच्या पलीकडच्या काठावरचं जनावर मग कितीही महागड्या लेन्समधून वितळल्यासारखंच दिसतं. गरम आणि कमी गरम हवेचे थर प्रकाशाला वेगवेगळं वाकवतात, त्याला शटर स्पीड वाढवून काही उपाय नाही. फोटो मऊ आला म्हणून लेन्सला दोष देण्याआधी वेळ बघा. उन्हाळ्यात लांबचे फोटो आठच्या आत, त्यानंतर फक्त जवळचे.

ट्रायपॉड घरी. मोनोपॉडही घरीच ठेवा; त्याचा पाय दुसऱ्याच्या पायात येतो आणि गाडीच्या तळाची थरथर तो थेट लेन्सपर्यंत पोचवतो. त्याऐवजी बीनबॅग, म्हणजे लेन्स टेकवायची कापडी पिशवी, न्या, रिकामी. भरायला तांदूळ तिथल्या किराणा दुकानात मिळतो. हा धानाचा जिल्हा आहे. दादाजी खोब्रागडे यांचं एचएमटी हे तांदळाचं वाण याच जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं. अडीच-तीन किलो साधा तांदूळ पुरे, मात्र कणी घेऊ नका, तिची पूड शिवणीतून बाहेर येऊन कॅमेऱ्यावर बसते. पिशवी दोन तृतीयांशच भरा. गच्च भरली की ती टणक होते आणि लेन्स तिच्यात रुतण्याऐवजी वर गडगडते. फारच कमी भरली तर तिच्याखालचा जिप्सीचा लोखंडी बार लागतो. थर्माकोलचे मणी भरलेली तयार बीनबॅग हलकी असते म्हणून लोक घेतात, पण ती बारवरून घसरते. आणि कितीही चांगली बीनबॅग असली तरी इंजिन चालू असताना जिप्सीचा अख्खा सांगाडा थरथरतो. साइटिंग झाली की सगळ्यात आधी हळू आवाजात सांगायचं, "भाऊ, गाडी बंद करता का जरा?" या एका वाक्याने शार्पनेस जेवढा वाढतो तेवढा लेन्स बदलूनही वाढत नाही.

धुळीसाठी मी सगळ्यात जास्त भरवसा ठेवतो तो उशीच्या अभ्र्यावर. पांढरा, सुती, मोठ्या उशीचा. लेन्स लावलेला कॅमेरा त्यात घालून मांडीवर ठेवायचा. चितळाचा कॉल (वाघ जवळ असल्याचा इशारा) आला की एका झटक्यात बाहेर. चेन लावलेली बॅग एवढ्या वेगाने उघडत नाही, आणि काळी लेन्स उन्हात तापते तशी ती पांढऱ्या कापडाखाली तापत नाही. झूम लेन्स लांबवताना-आखडताना आत हवा खेचते, तिच्याबरोबर धूळही. तेव्हा दोन साइटिंगच्या मध्ये ती पूर्ण आखडून, लॉक लावून ठेवा. हूड (काचेपुढचं नळकांडं) कायम लावलेलं असू द्या. यूव्ही फिल्टर मात्र काढा. १५०-६०० सारख्या लेन्सना ९५ मिमीचे फिल्टर लागतात, त्यातले स्वस्तातले टेलिफोटोच्या शार्पनेसची वाट लावतात. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे निम्मा), तोही नको. फ्लॅशचा तर प्रश्नच येत नाही.

जिप्सीच्या धक्क्यांनी लेन्सच्या पायाची प्लेट सैल होते. तिच्या स्क्रूची ॲलन की खिशात हवी. बॅग तळावर ठेवावी लागलीच तर खाली टॉवेलची चौघडी.

बॅटरी प्रत्येक सफारीला बॉडीमागे दोन. मिररलेसमध्ये (आतला आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) व्ह्यूफाइंडर चालू असतो तोवर, फोटो न काढताही, बॅटरी उतरत राहते. विमानाने नागपूरला जात असाल तर सुट्या बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्या लागतात, चेक-इन सामानात चालत नाहीत. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या साधारण १६ वॉट-अवरच्या असतात आणि मर्यादा १०० ची आहे, त्यामुळे अडचण येत नाही. फक्त टोकांना चिकटपट्टी लावा किंवा प्रत्येक बॅटरी वेगळ्या पाउचमध्ये घाला. केबिन बॅगेची मर्यादा बहुतेक ठिकाणी ७ किलो. दोन बॉडी, दोन लेन्स, चार्जर मिळून साडेचार-पाच किलो होतातच, म्हणून बॅग स्वतःच हलकी निवडा. चार सॉकेटचा एक्स्टेंशन बोर्ड मोठ्या बॅगेत जाऊ द्या, कारण रिसॉर्टच्या खोलीत मोकळा सॉकेट एखादाच सापडतो.

लेन्स भाड्याने आणणार असाल तर निघण्याच्या आदल्या रात्री नाही, दोन दिवस आधी आणा. मागून टॉर्च मारून आत बुरशीची जाळी आहे का बघा. आपल्या बॉडीवर लावून संध्याकाळच्या उजेडात चालत्या माणसावर ऑटोफोकस तपासा. दुसऱ्या कंपनीच्या लेन्सचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) जुनं असलं की नव्या मिररलेस बॉडीवर ती फोकस शोधत पुढेमागे करत राहते, आणि हे जंगलात कळून काही उपयोग नसतो. हूड, कॉलर (लेन्सच्या पायाची कडी) आणि मागचं झाकण दिलंय का, तेही मोजून घ्या.

एक दुर्बीण मात्र न्याच, ८×४२ ची. फोटो न काढणाऱ्या घरच्यांचे चार तास त्यामुळे सार्थकी लागतात. सर्पगरुडाचे पिवळे डोळे, कुलूच्या पांढऱ्या खोडावरची साल, पाण्यावर उतरलेले रानकुत्रे, हे सगळं त्यांना आपल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोकावून दिसत नाही.

संध्याकाळी खोलीवर परतल्यावर कापड हातात घ्यायचं नाही. आधी रबरी ब्लोअर, लेन्स खाली तोंड करून. मग मऊ ब्रश. कापड अगदी शेवटी. धुळीत वाळूचे कण असतात, पुसायला घेतलं की काचेच्या कोटिंगवर चरे उमटतात. एसीच्या झोताखाली कॅमेरा ठेवू नका. मे महिन्यात हवा कोरडी असते म्हणून काच धुकटत नाही, पण ऑक्टोबरात, उद्यान पावसाळ्यानंतर उघडतं तेव्हा, थंड खोलीतून दमट पहाटेत आणलेली लेन्स पहिली वीस मिनिटं आंधळी होते. बॅग बंद ठेवून रात्री एसी नसलेल्या भागात ठेवली की हा त्रास टळतो.

कार्डं ६४ जीबीची, दोन-तीन. २४ मेगापिक्सेलची रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल २५-३० एमबीची होते. बर्स्टवर (बटण दाबून सलग फोटो) हात सैल सुटला तर एका सफारीत हजार फोटो आणि २५-३० जीबी सहज. रात्री एसएसडीवर कॉपी करा, पण कार्ड घरी पोचेपर्यंत फॉरमॅट करू नका. परतीच्या प्रवासात एसएसडी एका बॅगेत आणि कार्डं अंगावरच्या खिशात.