बावीस बाय अठरा

रविवार, रात्री साडेअकरा

नागपुरात रेशीमबागेच्या मैदानावर घरसजावटीचं प्रदर्शन लागलं होतं, आज शेवटचा दिवस. आईला घेऊन गेले. घ्यायचं काहीच नव्हतं. स्वयंपाकघरातला नळ गळतो, तो बघू, एवढंच म्हणून निघालो आणि नळांच्या स्टॉलकडे फिरकलोसुद्धा नाही.

झोप येत नाहीये. एका विशी-बाविशीतल्या पोराला मी खोटं सांगून आले.

तसं खोटं मी रोजच बोलते. "निघालेच आहे" हे अंघोळीच्या आधी सांगते, "भाव कमी करा, पलीकडे स्वस्त आहे" हे पलीकडे न जाता सांगते. त्याचं कधी काही वाटलं नाही. हे मात्र घशाशी येऊन राहिलंय.

झालं असं, की आईचे पाय दुखायला लागले आणि समोर खुर्ची दिसली. स्टॉल घराबाहेरच्या सामानाचा होता. खाली हिरवं गवत, प्लॅस्टिकचं. वर लोखंडी पट्ट्यांचा परगोला. कोपऱ्यात एक कारंजं, त्यातलं तेच पाणी पुन्हा पुन्हा वर जात होतं. खुर्ची वेताची वाटली, हात लावला तर तीही प्लॅस्टिकची. आई बसली. बसलेल्या गिऱ्हाइकाला कोण सोडतं? पोरगा लगेच आला. हिंदीतच सुरू झाला, आपल्याकडे होतात तसा.

"मॅडम, पॅटिओ कितना है आपका?"

आईनं मला विचारलं, "पॅटिओ म्हणजे काय गं, ओटा का?" त्याला थोडं मराठी येत असावं. म्हणाला, "ओट्यासारखाच आंटी, पण खुला. अंगण समजा."

आणि मी म्हणाले, "बावीस बाय अठरा."

विचार नाही, आठवणं नाही, काही नाही. पाढा म्हणावा तसं तोंडून गेलं. त्यानं मोबाइलवर गुणाकार केला. तीनशे शहाण्णव चौरस फूट. साडेतीनशेचा भाव. एक लाख अडतीस हजार सहाशे. मी मान डोलावली, जणू पैसे पर्समध्येच होते.

आता आई बोलणार हे मला माहीत होतं. "काहून खोटं बोलून राहिली गं?" असं चारचौघांत विचारायला ती मागेपुढे पाहत नाही. ती कारंज्याकडे बघत होती. तिकडेच बघत म्हणाली, "अठरा नाही, वीस. तुळशीमागचं धरलंच नाही तू."

त्या दोन फुटांनी पंधरा हजार चारशे वाढले.

पुढची वीस मिनिटं त्या बिचाऱ्यानं आम्हाला सगळं दाखवलं. लाकडासारखी दिसणारी फळी, आत लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक एकत्र दाबलेलं. वाळवी लागत नाही, पॉलिश लागत नाही. उन्हात लांबते, म्हणून दोन फळ्यांच्या टोकांमध्ये फट सोडतात. आईनं फळीवर टिचकी मारली, कान लावला आणि परत दिली. बल्लारशाच्या सागवानावर बसलेल्या बाईला भुसा दाखवून उपयोग नसतो. तेच सागवान अयोध्येला मंदिराच्या कामासाठी गेलं तेव्हा, २०२३ मध्ये, आईनं सगळ्या बिल्डिंगला सांगितलं होतं की आमचा झोपाळा, आमची बंगई, ह्याच लाकडाची. होती. बंगई कुठे गेली तो विषय आज नको.

गवताची मात्र तिनं उलटतपासणी घेतली.

"मे महिन्यात तापत नाही का हे?"

तापतं म्हणाला. इमानदार पोरगा. पाणी मारलं की थंड होतं.

"रोज?"

"रोज शामको, आंटी."

"मग सडाच झाला ना बाबा."

तो हसला, आईही हसली. मला हसू आलं नाही. कारण तोवर मला ते दिसायला लागलं होतं. कोट्याची फरशी, बाबांनी दोरी लावून मिस्त्रीकडून बसवून घेतलेली. संध्याकाळी बादलीनं पाणी मारलं की पहिल्या पाण्याचा चर्र आवाज यायचा, गरम भपकारा पायावर यायचा, आणि तिसऱ्या बादलीला फरशी शांत व्हायची. मग बाजा बाहेर. २०१३ च्या मे मध्ये पारा ४७.९ वर गेला, तेव्हा आम्ही सात बादल्या ओतल्या होत्या तरी आत कूलरसमोरच झोपावं लागलं. बाबा तेवढे बाहेर झोपले. हट्टानं.

आणि मूगवड्या. आणि दादाचं... जाऊ दे.

पोरानं नंबर मागितला, मी दिला. खरा दिला. पत्ता विचारला, तर आईनं सांगितला. हनुमाननगरचा. ते इथून पायी दहा मिनिटांवर. "उद्या-परवा येतो माप घ्यायला," म्हणाला. आमच्या मागे एक जोडपं कधीचं थांबलं होतं. त्यांच्या हातात नकाशा होता, खऱ्या बंगल्याचा असणार. ते कंटाळून पुढच्या स्टॉलवर गेले. ह्या पोरांना विक्रीवर पैसे मिळतात म्हणे. तेही माझ्या खात्यावर.

येताना मी हनुमाननगरातून गाडी घातली नाही, सरळ तुकडोजी पुतळ्यावरून मानेवाड्याकडे घेतली. आईनंही तिकडे वळ म्हटलं नाही. तिथे आता स्कीम उभी आहे, चार मजली. खाली पार्किंग. सिमेंटचे गट्टू बसवलेत.

मी खोटं का बोलले? ऐट मारायची होती म्हणावं, तर त्या पोरासमोर ऐट मारून मला काय मिळणार होतं? विसरले म्हणावं, तर एवढी म्हातारी मी अजून झाले नाही. त्यानं "आपका" म्हटलं, तेच लागलं बहुतेक. आपका कितना है. एकावन्न वर्षांची बाई, हप्ते फेडलेला फ्लॅट, आणि "तुमचं किती" म्हटल्यावर तोंडात येतं ते विकून टाकलेलं. माझ्या बाल्कनीचं माप मला आत्ता, ह्या क्षणीही माहीत नाही. पायाखाली जमीन म्हणावी असं एक फूटसुद्धा नाही माझ्याकडे, तिसऱ्या मजल्यावर दुसऱ्याच्या छतावर पाय ठेवून राहते मी.

हे जरा जास्तच झालं. दुसऱ्याच्या छतावर सगळेच राहतात. खालचे देशपांडेकाका तर रोज वर बघून सांगतात की तुमच्या कुंड्यांचं पाणी आमच्याकडे टपकतं.

पण आईनं दुरुस्त का केलं? मला अडवायचं सोडून दुरुस्त केलं. तिला विचारायला गेले तर ती झोपलीये, तोंड उघडं टाकून. मी उगीच जागी.

सोमवार, संध्याकाळ

त्याचा मेसेज आला, दुपारीच. हनुमाननगरात पोचलो, अंगणवालं घर मिळत नाहीये, तिथे अपार्टमेंट आहे, लोकेशन पाठवा. खाली हात जोडल्याचं चित्र.

म्हणजे उन्हातान्हात पोचला तो तिथे. टेप घेऊन गट्टूवर उभा राहिला असेल. कालपासून घशात होतं ते पोटात गेलं.

खरं सांगून टाकू म्हणून लिहायला बसले. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. "ते घर आता नाही" लिहिलं तर वाचताना कोणी गेल्यासारखं वाटत होतं. शेवटी आईला सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. हात थांबले नाहीत.

"फिरवलं ना पोराला. आता बाल्कनीचं तरी काम दे त्याला."

शिवणाची टेप आणली तिनं. एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरून कठड्यापर्यंत गेली. नऊ बाय चार.

"कूलरचं स्टँड धरून की सोडून?" मी विचारलं.

"धरून. आपलंच आहे ना ते."

मग त्याला लिहिलं. माफ करा, पत्ता चुकला, बेसा, फ्लॅट, बाल्कनी नऊ बाय चार. नऊ चोक छत्तीस, साडेतीनशेनं बारा हजार सहाशे, तेवढे निघतील. छत्तीस फुटांचं का होईना, मिळेल काहीतरी पोराला.

अर्ध्या तासानं उत्तर आलं. "सॉरी मॅडम, मिनिमम सौ फूट का ऑर्डर लगता है."

आईला वाचून दाखवलं. तिनं शेंगांची टरफलं सुपात ओढली.

"मग कालचंच माप बरं होतं," म्हणाली.