तुम्ही विचारलंत म्हणून: टायमिंग हललंय का?

आउटबोर्ड मोटर (होडीच्या मागे लावायचं इंजिन) ओढेनाशी झाली की हमखास विचारतात, "टायमिंग गेलं असेल का? सेट कसं करायचं?" विचारणाऱ्याच्या हातात बहुधा पाना आलेलाच असतो. तो आधी खाली ठेवा. टायमिंग, म्हणजे पिस्टनच्या हालचालीत ठिणगी नेमकी कधी पडते ते, आपोआप हलत नाही. हललं असेल तर कुठला तरी भाग सरकलाय किंवा निकामी झालाय. तो न शोधता स्क्रू फिरवलात, तर मूळ दुखणं तसंच आणि वर तुमची भर.

कॉम्प्रेशन, ठिणगी, पेट्रोल हे आधी बघून घ्याच. एक सिलिंडर बंद पडला तरी मोटर अशीच रडते.

टायमिंगची लक्षणं वेगळी असतात. दोरी ओढताना हाताला उलटा हिसका बसतो, कार्ब्युरेटरमधून भडका मागे येतो. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये थ्रॉटलबरोबर ट्रिगरची, म्हणजे ठिणगीचा इशारा देणाऱ्या भागाची प्लेट फिरते. तिचा दांडा निखळला किंवा प्लेट अडकली, तर मोटर आयडलवर गुणी आणि थ्रॉटल दिला की ढिम्म.

माझा पहिला संशय मात्र फ्लायव्हीलच्या (शाफ्टवर बसणाऱ्या जड चाकाच्या) चावीवर. पुष्कळांना वाटतं, फ्लायव्हील त्या अर्धचंद्राकृती चावीने धरलेलं असतं. ते धरतो शाफ्टचा टेपर, म्हणजे निमुळता भाग. चावी फक्त जागा ठरवते. नट ढिला राहिला किंवा टेपरला तेल लागलं, की फ्लायव्हील किंचित घसरतं आणि चावी अर्धवट कापली जाते. पुलरने फ्लायव्हील काढून तिच्या कडेवरून नख फिरवा, पायरी लागेल.

यातली गोम अशी, की टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकून फ्लायव्हीलवरची खूण दाखवणारा दिवा) इथे साफ फसवतो. ठिणगीची वेळ ठरवणारे मॅग्नेट फ्लायव्हीलवर, अंशांच्या खुणाही फ्लायव्हीलवरच. दोन्ही एकत्र सरकले, तर लाइटखाली आकडा बरोबरच दिसणार! म्हणून आधी पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात डायल गेज (पिस्टन किती खोल आहे ते दाखवणारं माप) लावून पिस्टनचा वरचा बिंदू काढा. तिथे पिस्टन क्षणभर रेंगाळतो, त्यामुळे नुसत्या नजरेने जमत नाही. माथ्याच्या अलीकडे-पलीकडे सारख्याच खोलीवरच्या दोन खुणा घ्या आणि त्यांचा मध्य धरा. फ्लायव्हील सुलटंच फिरवा, उलटं फिरवल्यास पाण्याच्या पंपाच्या इम्पेलरची पाती दुमडतात. त्या बिंदूला इंजिनवरच्या स्थिर काट्यासमोर फ्लायव्हीलवरचं शून्य आलं, की मगच लाइट लावायचा, तोही मोटर पाण्यात असताना.

लाइटखाली खूण थरथरत उड्या मारत असेल, तर स्क्रूचा काही संबंध नाही. ट्रिगर कॉइल किंवा पॉवर पॅक (ठिणगीची वीज सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) तपासा. खूण स्थिर, पण मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा पुढे असेल, तर मोटर तशी पळवू नका. टायमिंग जास्त अ‍ॅडव्हान्स असलं, म्हणजे ठिणगी फार लवकर पडत असली, की फुल थ्रॉटलवर पिस्टनला भोक पडू शकतं. ५००० आरपीएमला एक अंश म्हणजे सेकंदाचा ३०,०००वा भाग. नुसत्या कानाने टायमिंग लावणाऱ्यांना आपला लांबूनच दंडवत.

फ्लायव्हील परत बसवताना चावी नवी घाला, टेपर कोरडा पुसा आणि नट टॉर्क रेंचनेच आवळा.