लोरागेची टेकाडं : चार महिन्यांच्या नोंदी

मार्च, दुसरा रविवार. सायकलवर १०१ किमी, चढाई ८४० मीटर. घरी पोचल्यावर दुसऱ्या मजल्याचा जिना कठड्याला धरून चढलो.

फ्रान्समधल्या तुलूजला बदली झाली तेव्हा नकाशा बघून मी खूश होतो. दक्षिणेला पिरेनीज, ते जमेल तेव्हा. शहरातून बाहेर पडलं की आग्नेयेला लोरागे नावाचा मुलूख सुरू होतो. गव्हाची आणि सूर्यफुलांची शेतं, प्रत्येक टेकाडाच्या माथ्यावर एकेक गाव, आणि बहुतेक माथे समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास. म्हटलं, कात्रजचा जुना घाट आणि सिंहगड वर्षानुवर्षं करतोय, ही तर उंचवटेच. मार्ग आखला: तुलूज, लांता, कारामान, सॅं-फेलिक्स, रेवेल, तिथून नोरूझ, आणि मग कनाल दू मिदी या कालव्याच्या काठाने सपाट घरी. साधारण १३० किमी.

पहिल्या खेपेला रेवेल दिसलंच नाही. सॅं-फेलिक्सच्या चढावर मांड्या भरून आल्या, गावात पोचून पवनचक्कीपाशी सायकल आडवी टाकली आणि समोरचा काळा डोंगर, म्हणजे मोंतान्य न्वार, बघत बसलो. तिथून सरळ कालव्यावर उतरलो आणि निमूट घरी आलो.

कारण नंतर नकाशा नीट बघितल्यावर कळलं. ओढ्यांची खोरी माझ्या रस्त्याला आडवी जातात. गाव माथ्यावर, ओढा तळाला, परत गाव माथ्यावर. घाटात एकदा लय लागली की तासभर त्याच लयीत चढता येतं आणि माथा आला की काम संपलं. इथे चढ एक-दीड किलोमीटरचा. तो इतका छोटा दिसतो की आपण उभं राहून, दात-ओठ खाऊन तो मारून टाकतो. असे वीस मारले की एकविसावा आपल्याला मारतो.

घरी येऊन कागदावर हिशोब केला. मी आणि सायकल मिळून ८४ किलो. ६ टक्के चढावर ताशी १५ किमीने जायला साधारण २४० वॉट लागतात. त्याच चढावर ताशी २० किमी हवे असतील तर ३३५च्या घरात. म्हणजे जवळजवळ शंभर वॉट जास्त, आणि एक किलोमीटरच्या चढावर वाचतं किती? चार मिनिटांची तीन होतात. एका मिनिटासाठी मी दर वेळी पाय गहाण टाकत होतो. पहिल्या राइडमध्ये प्रत्येक माथ्यावर हृदयाचे ठोके १७२-१७५ होते, तरी वेडा मी सरासरी वेग बघून खूश होत होतो.

एप्रिल. इथल्या एका क्लबच्या रविवारच्या राइडला जायला लागलो. बहुतेक मंडळी निवृत्त. सत्तरी ओलांडलेले एक काका आहेत, सायकल माझ्या सायकलीपेक्षा जड, आणि चढावर माझ्याशी गप्पा मारत जातात. मी मात्र फक्त 'वी, वी', म्हणजे हो, हो, म्हणू शकतो. इथे सायकलवर सगळे एकमेकांना 'त्यू' म्हणतात, म्हणजे सरळ अरे-तुरे. मला त्या वयाच्या माणसाला 'तू' म्हणताना अजून जीभ अडखळते, आणि मी 'व्हू', म्हणजे अहो-जाहो, म्हटलं की ते चिडतात. त्यांचा सल्ला एवढाच होता: "चढाच्या पायथ्याशी तुला आपण फार हळू चाललोय असं वाटलं पाहिजे. तसं वाटत नसेल तर तू चुकतोयस." दुसरा सल्ला जास्त कामाचा निघाला: माथ्यावर पोचल्यावर पाय सोडायचे नाहीत. आपण माथा आला की हुश्श करतो, ते तिथे गिअर वाढवून दहा-बारा पेडल मारतात आणि उताराचा वेग फुकटात घेतात. तोच वेग पुढच्या चढाचा पाव भाग खातो.

त्या दिवसापासून नियम: चढावर ठोके १५० च्या वर गेले की एक गिअर खाली, मागून कोणी का पुढे जाईना. अहंकाराला फार लागतं हो हे. पहिले तीन रविवार मी प्रत्येक टेकाडावर शेवटचा होतो.

गिअरचं सांगायचं राहिलं. पुढच्या चक्रांना ५० आणि ३४ दात, मागे ११ ते २८ होतं, ते काढून ११-३२ बसवलं, चेनही थोडी लांब घ्यावी लागली. ताशी १२ किमीला २८ दातांवर कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, ७८ च्या आसपास येतो, ३२ वर ९०. कागदावर किरकोळ दिसतं, साठाव्या किलोमीटरनंतर गुडघ्यांना विचारा. टायरही २५ मिलिमीटरचे २८ केले. इथले गावाकडचे रस्ते खड्डेमुक्त, पण डांबरावरची खडी जाडीभरडी, हात बधिर व्हायचे. आता हवा कमी ठेवतो. एक धोका मात्र लक्षात ठेवा: उन्हाळ्यात रस्त्यांवर नवी खडी पसरतात आणि 'ग्राव्हियों' अशी पाटी लावतात. ती पाटी दिसली की उतारावर आधीच ब्रेक. वळणात ब्रेक लावायला गेलो आणि डावं कोपर सोलून घेतलं. पाटी होती, मीच सूर्यफुलं बघत होतो.

ईस्टरचा सोमवार वेगळा लिहावा लागेल, कारण त्या दिवशी मी उपाशी मरायचा बाकी होतो. खेड्यांतल्या बऱ्याच बेकऱ्या सोमवारी बंद, त्यात सणाची सुट्टी. तीन गावं पालथी घातली, तिन्ही ठिकाणी शटर खाली. पाणीही संपलेलं. इथल्या सायकलवाल्यांना विचारा पाणी कुठे मिळतं, सगळे एकच सांगतील: कब्रस्तानात. प्रत्येक गावात असतं, आत फुलांना घालायला नळ असतो. फक्त 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी आहे का ते बघायचं. मी दाराशी दोन मिनिटं घुटमळलो आणि मग दोन्ही बाटल्या भरल्या. संध्याकाळी फोनवर आईला कौतुकाने सांगितलं. पलीकडे शांतता. मग, "घरी आल्यावर आंघोळ केलीस ना?" केली होती म्हटलं, कारण राइडनंतर करतोच. तेव्हापासून खिशात शेंगदाण्याची चिक्की आणि खजूर कायम असतात, पण पाण्याचा नळ तोच.

मे. वाऱ्याचा महिना. आग्नेयेकडून येणारा 'ओतां' हा इथला प्रसिद्ध वारा, लोक त्याला वेड लावणारा वारा म्हणतात. तीन, सहा किंवा नऊ दिवस वाहतो असा गावकऱ्यांचा हिशोब. टेकाडांवर जुन्या पवनचक्क्या आणि आव्हिन्योनेच्या माथ्यावर नव्या, उगाच नाहीत. आधी मी ओतां असला की घरी बसायचो. आता उलट करतो. माझ्या मार्गावर तो जाताना तोंडावर येतो, म्हणजे ताज्या पायांवर, आणि परतीच्या पन्नास किलोमीटरला पाठीत हात घालून ढकलतो. पश्चिमेचा वारा असेल तर जाताना मजा येते आणि येताना कालव्यावर रडायची वेळ. माझं मत विचाराल तर ओतांचाच दिवस निवडा, फक्त खोल रिमचं चाक नको.

जुलै, पहिला शनिवार. सकाळी सहाला निघालो. कारामानपर्यंत चर्चच्या त्या विटांच्या उभ्या भिंती, ज्यांच्या कमानींत घंटा टांगलेल्या असतात, एकेक करत मागे गेल्या. सॅं-फेलिक्सला पोचलो तेव्हा ठोके १४८ आणि बोलता येत होतं. बोलायला कोणी नव्हतं ते सोडा. रेवेलला शनिवारचा बाजार भरतो, चौदाव्या शतकातल्या लाकडी खांबांच्या मंडईखाली आणि भोवतीच्या चौकात. सायकल हातात धरून फिरलो, जर्दाळू घेतले, तिथेच उभ्याने संपवले.

हा सगळा मुलूख एकेकाळी निळ्या रंगावर श्रीमंत झाला होता. पास्तेल नावाच्या झाडाची पानं दळून त्याचे गोळे करत, आणि त्यावर तुलूजच्या व्यापाऱ्यांनी वाडे बांधले. ओतेल द'आसेझा हा त्यातलाच, सोळाव्या शतकातला. पुढे धर्मयुद्धं झाली आणि हिंदुस्थानातून येणाऱ्या निळीपुढे पास्तेल टिकलं नाही. आपल्या निळीने यांचा धंदा बसवला आणि मी त्याच टेकाडांवर धापा टाकतोय, फिटंफाट.

रेवेलहून नोरूझला पोचलो. उंची १९० मीटरच्या आसपास, बघायला काहीच नाही, आणि तरी हीच मला सगळ्यात आवडणारी जागा. काळ्या डोंगरातलं पाणी चराने इथे आणलंय आणि इथून ते दोन्हीकडे वाटलं जातं, एक वाट अटलांटिककडे, दुसरी भूमध्य समुद्राकडे. पिएर-पोल रिकेने हे ओळखलं म्हणून २४० किलोमीटरचा कनाल दू मिदी शक्य झाला. १६६६ ला सुरुवात, १६८१ ला कालवा खुला झाला, आणि रिके त्याच्या काही महिने आधी, १६८० मध्ये गेला.

नोरूझजवळचा थोडा मातीचा तुकडा सोडला तर पुढे तुलूजपर्यंत कालव्याकाठी डांबर आहे. सावली मात्र आता तुकड्यातुकड्यांनी. प्लेनच्या झाडांना लागलेला बुरशीचा रोग २००६ मध्ये सापडला, तेव्हापासून हजारो झाडं तोडावी लागलीत, नवी लावलेली अजून खांद्याएवढीही नाहीत काही ठिकाणी. उरलेल्या झाडांच्या मुळांनी रस्त्याला उचक्या दिल्यात, हँडल घट्ट धरा.

एकूण १३१ किमी, चढाई १०९० मीटर, चालता वेळ ५ तास ३९ मिनिटं, सरासरी २३.२. मार्चमध्ये पहिल्या चाळीस किलोमीटरची सरासरी याहून जास्त होती. जिना हात न लावता चढलो, सायकल खांद्यावर.

पुढचं: सप्टेंबरमध्ये २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राइड, मुदत साडेतेरा तास. पुण्यातले मित्र ६०० पर्यंत जाऊन आलेत, त्यांच्यासमोर २०० चं काय सांगणार, पण त्यांच्या मार्गावर एवढी टेकाडं नव्हती असं मी ठामपणे म्हणणार आहे. त्याआधी एकदा पेश दाविद. शहराच्या कुशीतला, आठशे मीटरचा, सरासरी १२.४ टक्के चढ. २०२५ च्या तूर दे फ्रान्सच्या तुलूज टप्प्यात शेवटाकडे होता, तो टप्पा आब्राहमसेनने जिंकला. त्या चढावर १५० ठोक्यांचा नियम पाळता येतो का, ते पुढच्या नोंदीत. मागचा टायर मधोमध सपाट झालाय, आधी तो बदलतो.