चौथ्या अमिनो आम्लापाशी

शुक्रवार, रात्री

उद्याच्या गटचर्चेत व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकावर बोलायचंय, म्हणून दुपारी वाचायला घेतलं. संध्याकाळनंतर चर्चेचं निमित्तही उरलं नाही, नुसती वाचत सुटले.

पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळीच्या, प्रतिजैविकांमध्ये हा रेणू मला सगळ्यात जवळचा. अमिनो आम्लं सातच, पण त्यांच्या बाजूच्या बेंझीन-कड्या एकमेकींत अशा अडकवलेल्या, की साखळीला वाकायला जागाच उरत नाही. मधोमध एक ताठ खोबण तयार होते. वर दोन शर्करा. रेणुभार १४४९. यात पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचा काही हात नाही. अ‍ॅमायकोलॅटॉप्सिस ओरिएंटॅलिस हा मातीतला जिवाणू मोठमोठ्या विकरांवर (एन्झाइमांवर) एकेक आम्ल चढवत तो तयार करतो, त्यात डी आणि एल, म्हणजे एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेली, दोन्ही प्रकारची आम्लं ठरलेल्या जागी बसवतो. आम्ही प्रयोगशाळेत रेझिनच्या मण्यांवर आठ-दहा आम्लांचं साधं पेप्टाइड केलं तरी मिश्रणातले पदार्थ वेगळे करून दाखवणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर शेजारी नको ती शिखरं उगवतात. त्या जिवाणूबद्दल मला खरोखर आदर वाटतो.

ती माती बोर्निओच्या जंगलातली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला एका मिशनऱ्याने इलाय लिली कंपनीतल्या एडमंड कॉर्नफेल्ड यांना पाठवलेली. १९५८ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली. सुरुवातीचा माल इतका तपकिरी आणि अशुद्ध असायचा, की त्याला ‘मिसिसिपीचा चिखल’ म्हणत.

मोठ्या आत्याला गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर संसर्ग झाला, तेव्हा हेच औषध चढवलं होतं. ते सावकाश, तासभर तरी चालवावं लागतं. घाई केली तर अंगात हिस्टामिन सुटतं आणि मान-चेहरा लालबुंद होतो. आत्या विचारायची, “गोळी नाही का गं याची?” गोळी घेतली तर ते आतड्यातच राहतं, रक्तात उतरत नाही. तेवढं तिला सांगितलं. सलाइनच्या त्या थेंबांत नक्की काय चाललंय, ते मात्र सांगायचं राहिलं. इथे लिहून ठेवते.

जिवाणूची पेशीभित्तिका छोट्या-छोट्या विटांची असते. प्रत्येक विटेला एक पेप्टाइडची शेपटी, आणि शेपटीच्या टोकाला डी-अलानिन, डी-अलानिन असे दोन लागोपाठ. पेनिसिलिन भिंत बांधणाऱ्या विकराला निकामी करतं. व्हॅन्कोमायसिन विकराच्या वाटेला जातच नाही, थेट विटेची शेपटी आपल्या खोबणीत धरून ठेवतं, पाच हायड्रोजन बंधांनी. त्यामुळे विकर थोडंफार बदलून जिवाणूची सुटका होत नव्हती. त्याला वीटच बदलावी लागणार होती. तीसेक वर्षं हे औषध टिकलं, त्यामागचं एक मोठं कारण हेच, असं मला वाटतं.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आतड्यातल्या एन्टरोकॉकस जिवाणूंनी वीट बदलली. टोकाच्या डी-अलानिनच्या जागी डी-लॅक्टेट. तीन जनुकांचं काम: एक लॅक्टेट बनवतं, एक ते जोडतं, आणि तिसरं जुनी जोडी सापडेल तिथे तोडून टाकतं. रेणूकडे पाहिलं तर फरक एवढाच, की नायट्रोजन आणि त्यावरचा हायड्रोजन गेला, तिथे ऑक्सिजन आला. औषधाची पकड हजारपट ढिली. युरोपात कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात अ‍ॅव्होपार्सिन नावाचं याच कुळातलं औषध वाढीसाठी घालत. युरोपीय संघाने ते १९९७ मध्ये बंद केलं. हे वाचताना आजही राग येतो. आजाऱ्यासाठी जपून ठेवायचं हत्यार खाद्याच्या पोत्यात गेलं.

मी रात्री जागी आहे ती या हजारपटीच्या हिशेबामुळे. कॅलिफोर्नियात, स्क्रिप्स संशोधन संस्थेत, डेल बोजर यांच्या गटाने विचारलं: पकड सुटली ती एक हायड्रोजन बंध गेला म्हणून, की नव्या ऑक्सिजनवरच्या इलेक्ट्रॉनजोड्या व्हॅन्कोमायसिनच्या चौथ्या अमिनो आम्लाच्या कार्बोनिल (कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेल्या) ऑक्सिजनला ढकलतात म्हणून? त्यांनी शेपटीचा तिसरा नमुना तयार केला, ज्यात त्या जागी नायट्रोजनही नाही आणि ऑक्सिजनही नाही, साधा मिथिलीन गट. मग पकड मोजली. बंध गेल्याचा तोटा दहापट. उरलेला शंभरपट तोटा निव्वळ ढकलाढकलीचा. हे काम २००३ मधलं. मला ते कुठल्याही मोठ्या शोधाइतकं सुंदर वाटतं, कारण नेमकी दुरुस्ती कुठे करायची हे त्या एका मोजमापाने ठरलं.

मग त्यांनी औषधातला तो चौथा कार्बोनिलच बदलायला घेतला. ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवला, तर रेणू जुनी शेपटीही धरेना आणि नवीही. गंधकाचा अणू मोठा, खोबणीत आड येतो. त्याच गंधकाच्या रेणूवर चांदीच्या क्षाराच्या मदतीने अमोनियाची क्रिया केली आणि तिथे नायट्रोजन आणला, तर अ‍ॅमिडिन तयार झालं, आणि ते दोन्ही शेपट्या धरतं! हा शोधनिबंध २०११चा. २०१७ मध्ये, चौथ्या कार्बोनिलच्या जागी मिथिलीन असलेल्या त्यांच्याच दुसऱ्या रेणूवर आणखी दोन बदल केले, प्रत्येकाचा मारा वेगळ्या मार्गाने. औषध अजून बाजारात नाही. पण प्रतिकारी एन्टरोकॉकस त्या रेणूपुढे पन्नास फेऱ्या वाढवले, तरी त्याचा मारा टिकून राहिला.

जेवताना धाकट्या सहकाऱ्याने विचारलं, “ताई, नवं शोधायचं सोडून जुन्याचीच डागडुजी कशाला?” प्रश्न रास्त आहे. माझं मत मात्र ठाम आहे. मातीने लाखो वर्षं घडवलेला रेणू आपण साठ-सत्तर वर्षांत टाकून द्यायचा, हे मला पटत नाही. शिवाय नवं काढलं तरी प्रतिकार कुठेतरी आधीपासून असतोच. व्हॅन्कोमायसिन बनवणारा जिवाणू स्वतःच्या बचावासाठी तीच तीन जनुकं बाळगतो. २०११ मध्ये कॅनडातल्या युकॉनच्या गोठलेल्या, तीस हजार वर्षं जुन्या मातीत त्याच प्रतिकाराची जनुकं सापडली. माणसाने औषध म्हणून सुई टोचायच्या कितीतरी आधीची.

आणि नवं शोधायचंच, तर तेही हवंय, त्यात वाद नाही. आपल्याच पिंपरीत, १९५४ साली उभ्या राहिलेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जिवाणूतून हमायसिन मिळवलं. ते पेप्टाइड नव्हे, बुरशीवरचं पॉलिइन औषध. पण जिवाणूच्या नावात पिंपरी कायमची राहिली. पुण्यात रसायनशास्त्र शिकणाऱ्या किती मुलांना हे सांगितलं जातं?

उद्या चर्चेची सुरुवात २००३च्या मोजमापापासून करेन. २०१७चा रेणू शेवटी. आणि मॅडमना विचारायचंय: आमच्या चक्रीय पेप्टाइडमध्ये जो अमाइड (दोन आम्लांमधला जोड) लक्ष्याला ढकलतो असा संशय आहे, तिथे आधी थायोअमाइड, म्हणजे ऑक्सिजनच्या जागी गंधक, करून पाहू का? त्यासाठी लागणारा लॉवेसनचा अभिकर्मक कपाटात आहे. पण रेणूत पाच अमाइड आहेत, त्यांतला हवा तोच एक कसा बदलायचा, याचं उत्तर सकाळपर्यंत काढायला हवं. कदाचित ते एक आम्ल जोडण्याआधीच दोन आम्लांच्या तुकड्यात गंधक बसवून घ्यावा लागेल आणि मग तो तुकडा रेझिनवर चढवावा लागेल. तिथे रॅसेमीकरणाची, म्हणजे डी-एलची सरमिसळ होण्याची, भीती आहे. तरी करून पाहण्यासारखं आहे.