मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधलं वशिंड

शनिवार, रात्री उशिरा

ऑफिसातल्या ओक्लाहोमाच्या मित्राने तिकीट काढलं होतं, म्हणून आज न्यूयॉर्कला बुल रायडिंग, म्हणजे उसळत्या वळूवर बसून टिकायचा खेळ, पाहून आलो. २००७ पासून मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये या स्पर्धा भरतात. खाली पेन स्टेशन, त्याच्या डोक्यावर एरवी बास्केटबॉल चालतो ते मैदान, आणि त्यावर ट्रकांनी आणून पसरलेली माती. आत पाऊल टाकलं तर शेणाचा वास आला. मिरजेजवळचा आमचा गोठा डोळ्यांपुढे उभा राहिला.

वळू लोखंडी कप्प्यात येऊन उभा राहतो. आमची जागा कप्प्यांच्या बाजूलाच होती, त्यामुळे स्वाराचे हात नीट दिसत होते. दोराला राळ लावलेली असते. हातमोजा घातलेल्या मुठीने तो दोर वरखाली घासत राहतो, म्हणजे राळ तापून चिकट होते. मग दोराचा पीळ तळहातावरून घेऊन मूठ मिटायची आणि दुसऱ्या हाताने त्या मुठीवर ठोसे मारून बोटं आवळून घ्यायची. गाठ कुठेच नाही. वळूच्या पोटाखाली दोराला जड घंटा असते. मूठ सुटली की तिच्या वजनाने दोर आपोआप गळून पडतो. स्वार मान हलवतो आणि फाटक उघडतं.

आठ सेकंद टिकायचं, एका हातावर. मोकळा हात वळूला किंवा स्वतःच्या अंगाला लागला की बाद. गुण शंभरापैकी, निम्मे स्वाराचे आणि निम्मे वळूचे. मला हे फार आवडलं. वळूनेच अंग चोरलं तर स्वाराला दुसऱ्या वळूवर बसायची संधी मिळते. वळूचं नाव पुकारलं की लोक ओरडतात, त्याचा मागचा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. बुशव्हॅकर नावाच्या वळूची गोष्ट मित्राने मला दोनदा सांगितली: त्याने सलग ४२ वेळा स्वार पाडले, आणि २०१३ मध्ये जे. बी. मॉनी हा स्वार त्याच्यावर आठ सेकंद टिकला.

मध्येच एका स्वाराची मूठ दोरात अडकली. तो बाजूला लोंबकळत फरफटत चालला होता. बुलफायटर, म्हणजे स्वाराला वाचवायला मैदानात उभे असतात ते गडी, वळूच्या तोंडासमोर धावले आणि एकाने हात सोडवला. स्वार उठून लंगडत गेला तेव्हा मी श्वास सोडला. १९८९ मध्ये शायेन गावच्या स्पर्धेत लेन फ्रॉस्ट हा स्वार आठ सेकंद पूर्ण करून उतरला आणि वळूने त्याला मातीतच मारलं. त्यानंतर त्याच्या मित्राने, कोडी लॅम्बर्टने, छातीचं संरक्षक जाकीट बनवलं. ते अंगात असूनही २०१९ मध्ये डेन्व्हरला मेसन लो हा स्वार गेला. हे माहीत असताना टाळ्या वाजवणं मला जड जात होतं.

वळूच्या मागच्या मांड्यांपुढे एक पट्टा आवळतात. वळू मागचे पाय उंच झाडतो तो त्याने. पट्टा सुटला की बरेच वळू शांतपणे स्वतःच दाराकडे चालू लागतात, हे आज डोळ्यांनी पाहिलं. जातिवंत वळूच्या अंगातच उसळी असते, असं मित्र म्हणाला. खरं असेल, पण पट्टा मला खटकला तो खटकलाच. २०१४ ला बैलगाडा शर्यती बंद झाल्या तेव्हा आमच्याकडे हाच वाद घरोघरी चालायचा, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी कायम ठेवल्यावरही तो मिटलेला नाही.

मग तो करडा वळू आला. अंगाने प्रचंड, गळ्याखाली लोंबती पोळी आणि पाठीवर हे एवढं वशिंड! मित्र म्हणाला, यात ब्रह्मन रक्त आहे. मी खुर्चीतून उठलोच. ब्रह्मन ही अमेरिकन जात आपल्या गुरांपासून तयार झाली आहे: गीर, गुजरातची कांकरेज, नेल्लोर आणि आमची कृष्णाकाठची. सांगली-मिरजेच्या संस्थानिकांनी जोपासलेली ती कृष्णाखोरी जात आता गावाकडे शोधावी लागते. तिचा अंश वागवणारा वळू इथे मॅनहॅटनमध्ये असू शकतो, या विचाराने भरून आलं. त्याच्यावर बसलेला पोरगा ब्राझीलचा होता. त्याच्या देशातली बहुतेक गुरं नेल्लोर जातीचीच. करड्याने त्याला तिसऱ्याच उसळीला खाली टाकलं.

परतीच्या गाडीतून आप्पांना फोन लावला. तिकडे धारा काढून झाल्या होत्या. मी फोटो पाठवला. बराच वेळ बघून म्हणाले, "खांदा चांगला हाय. पाय जरा आखूड वाटत्यात. किती दाती हाय?"

म्हटलं, "ते नाही विचारलं, आप्पा."

"मग इचार की. जुळला असंल तर दोनतीन वर्सं तरी आणखी पळंल."

उद्या शेवटची फेरी आहे. मित्र जाणार आहे, त्याला वळूचे दात, म्हणजे वय, विचारून यायला सांगितलंय.