बॉबची तालीम

शनिवार, रात्री

शेवटी आज ‘यंग ॲट हार्ट’ बघितला. २००७ सालचा माहितीपट, कधीपासून यादीत पडून होता. म्हातारी माणसं वृंदात रॉक गातात, एवढं वाचूनच मी तो टाळत आले होते. व्हॉट्सॲपवर येतात ना असले व्हिडिओ? नऊवारीतल्या आजी डीजेवर नाचतायत, खाली टाळ्यांचे इमोजी. आपण ‘अय्या, किती गोड’ म्हणतो आणि पुढे सरकतो. पावणेदोन तास ‘किती गोड’ म्हणत बसायची माझी तयारी नव्हती.

सुरुवात तशीच आहे. ब्याण्णव वर्षांच्या आयलीन हॉल मंचावर येऊन ‘द क्लॅश’चं ‘शुड आय स्टे ऑर शुड आय गो’ ठणकावतात, प्रेक्षक हसतात, आपणही हसतो. मग कॅमेरा तालमीच्या खोलीत शिरतो. तिथे बॉब सिलमन उभा असतो, आणि तो काही कौतुक करायच्या मूडमध्ये नसतो.

हा बॉब त्यांचा दिग्दर्शक. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं नॉर्थॅम्प्टन हे छोटं गाव. १९८२ साली तिथल्या वृद्धांच्या एका वसाहतीत त्याने हा वृंद सुरू केला. आधी मंडळी आपल्या काळातली गाणी म्हणत, रॉक नंतर आलं. चित्रपटात वृंदाचं सरासरी वय ऐंशीच्या आसपास आहे आणि सात आठवड्यांवर नवा कार्यक्रम आलाय. बॉब सीडी लावतो, ‘सॉनिक यूथ’चं ‘स्किझोफ्रेनिया’. गिटारचा कल्लोळ सुरू होतो आणि माणसं तोंड वाकडं करतात, कानात बोटं घालतात. त्यांची आवड ऑपेराची, जुन्या संगीतनाटकांतल्या गाण्यांची. हे असलं काही ती घरी जन्मात लावणार नाहीत. पण शब्दांचे कागद हातात पडतात, भिंगं बाहेर येतात आणि तालीम सुरू होते.

ॲलन टूसाँचं ‘यस वी कॅन कॅन’ बसवताना तर हाल बघवत नाहीत. त्या गाण्यात एकाहत्तर वेळा ‘कॅन’ येतं, आणि प्रत्येक ‘कॅन’ ठेक्याच्या अशा कोपऱ्यात बसवलेलं की पंचविशीतल्या माणसाचीही जीभ अडखळावी. जेम्स ब्राउनच्या ‘आय फील गुड’मध्ये एका आजोबांना एक ओळ उचलायची आहे. एकच. ती दर खेपेला निसटते. बॉब थांबवतो, पुन्हा लावतो, पुन्हा थांबवतो. चिडतो. हे गाणंच काढून टाकू का, असंही त्याच्या मनात येतं. ‘असू दे हो काका, छान झालं’ हे वाक्य तो कधीच म्हणत नाही.

मला आधी त्याचा राग आला. थोड्या वेळाने लक्षात आलं की त्या खोलीत त्यांच्याशी बरोबरीने वागणारा तोच एक आहे. चुकलं तर चुकलं म्हणतो, कारण उद्या ते बरोबर येईल अशी त्याची खात्री असते. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक संघाच्या कार्यक्रमात काय चालतं? ‘काका, तुमचं ते जुनं म्हणा ना.’ काका पन्नास वर्षं पाठ असलेलं भावगीत म्हणतात, अंतऱ्यात अडकतात, आपण दुप्पट जोराने टाळ्या वाजवतो. आपण त्यांना आठवायला सांगतो. नवीन शिकायला, तेही आवडत नसलेलं, कोण सांगतं? मी तरी आईंना (म्हणजे सासूबाईंना) कधी सांगितलेलं नाही. रिमोटचं नवीन बटण दाखवायच्याऐवजी मीच जाऊन चॅनेल लावून देते.

आई शेजारीच बसल्या होत्या. इंग्रजी फारसं कळत नव्हतं, मी मधूनमधून सांगत होते. त्यांची बरीच वर्षं भजनी मंडळात गेली, त्यामुळे गाणं बसवणं हा प्रकार त्यांना सांगावा लागत नाही. ती ओळ पुन्हा निसटली तेव्हा चटकन म्हणाल्या, “अगं, तो समेची वाटच बघत नाहीये. आधी हाताने टाळी द्यायला सांग म्हणावं.”

कार्यक्रमाआधीच्या त्या आठवड्यांत दोघं सभासद जातात. पैकी बॉब साल्विनी आजारातून परत आलेले, आणि फ्रेड निटल यांच्या जोडीने त्यांना ‘कोल्डप्ले’चं ‘फिक्स यू’ म्हणायचं होतं. तुरुंगाच्या आवारात कैद्यांसमोर गायचा दिवस असतो, आणि सोबत्याच्या मृत्यूची बातमी कळून अजून काही वेळही झालेला नसतो. तरी ही मंडळी उभी राहून डिलनचं ‘फॉरेव्हर यंग’ गातात. समोर गवतात बसलेले ते धिप्पाड कैदी डोळे पुसतात. शेवटच्या कार्यक्रमात फ्रेड एकटेच येतात. अंगाने भारी, हृदय थकलेलं, खुर्चीत बसून, नाकात प्राणवायूची नळी. आवाज मात्र खर्जातला, सावकाश, कुठेही न थरथरणारा. दोन ओळींच्या मध्ये यंत्राचा ‘टक्-फुस्स’ ऐकू येतो, आणि तो जवळजवळ लयीतच पडतो. मूळ गाणं मी पूर्वी ऐकलंय. एका तरुणाने कुणाला तरी दिलेला दिलासा. इथे फ्रेड गात होते आणि शेजारची जागा रिकामी होती. मी रडले. आई रडल्या नाहीत. “श्वास किती जपून घेतोय बघ,” एवढंच म्हणाल्या.

एक खटकलंच. चित्रपटाचा दिग्दर्शक स्टीफन वॉकर स्वतः निवेदन करतो, आणि त्याचा सूर अधूनमधून नातवंडाला खेळवल्यासारखा होतो. मधले म्युझिक व्हिडिओसुद्धा (‘स्टेइंग अलाइव्ह’ बोलिंगच्या हॉलमध्ये!) मला जरा जास्तच चलाख वाटले. तालीम सोडून तिथे जायची गरज नव्हती.

रविवार, दुपारी

सकाळी चहा घेताना विषय पुन्हा निघाला. आईंना संगीत अजिबात आवडलेलं नाही. “तो ड्रम कशाला इतका बडवायचा?” मी म्हटलं, गाणाऱ्यांनाही कुठे आवडत होतं! मग माझी शंका काढली: इतकी वर्षं एक माणूस गाणी निवडतोय, एखादा कार्यक्रम त्यांच्या आवडीच्या ऑपेराचा केला असता तर काय बिघडलं असतं?

“मग कोण आलं असतं बघायला?” आई म्हणाल्या. “आम्ही मंडळात इतकी वर्षं गातो, कुणी आलं का सिनेमा काढायला?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे आहे, अर्धवट. लोक गंमत बघायला येतात आणि गाणं ऐकून जातात, असं काहीसं. पण म्हाताऱ्या माणसाचं गाणं ऐकवायला आधी गंमत दाखवावी लागते, यातली सल त्या उत्तराने जात नाही. बॉबला ती ठाऊक असावी. म्हणूनच बहुधा तो तालमीत एवढा कावतो. गाणं कच्चं राहिलं तर मागे फक्त गंमत उरेल.

आई म्हणाल्या, तसं नाही, त्याचा स्वभावच तापट आहे. आमच्या पेटीवाल्या बाई अशाच होत्या.