बेसमेंटची खिडकी, तिचा खड्डा आणि दोन टेबलं

टोरोंटोजवळच्या एका शहरात आमचं घर आहे, शहराचं नाव लिहीत नाही कारण फायनल इन्स्पेक्शन अजून बाकी आहे आणि मला उगाच नवीन भानगड नकोय. बेसमेंट रीतसर परमिट काढून भाड्याने द्यायचं होतं. मंडळातले एक काका म्हणाले, "अरे परमिट कशाला काढतोस, इथे कितीतरी बेसमेंटं तशीच चालतात." चालतात खरी, पण आग लागली तर खाली झोपलेला पोरगा बाहेर कुठून पडणार?

नियम तसा सोपा आहे. ऑन्टारिओ प्रांताच्या बिल्डिंग कोडप्रमाणे आगीत बाहेर पडायला ठेवलेल्या बेडरूमच्या खिडकीची उघडी जागा किमान ०.३५ चौरस मीटर हवी, कुठलंही माप ३८० मिलिमीटरच्या खाली नको, आणि खिडकी जमिनीखाली असेल तर समोरच्या विंडो वेलमध्ये, म्हणजे तिच्यापुढे खणलेल्या खड्ड्यात, ५५० मिलिमीटर मोकळी जागा हवी. सरकती खिडकी घ्या, बाहेर उघडणारी घेतली की तिची झडपच ती जागा खाते. ड्रॉइंग, इंजिनियरचा शिक्का, कॉन्ट्रॅक्टर, सगळं भराभर झालं. आणि मग गाडी अडकली.

आमची बेडरूम घराच्या बाजूच्या भिंतीला होती. प्लॅन बघणाऱ्याने विचारलं की खड्ड्यातलं पाणी जाणार कुठे. बरोबर प्रश्न. कॉन्ट्रॅक्टर म्हणत होता "खाली खडी टाकू, मुरेल", पण इथली माती चिकणमाती, तिच्यात काय डोंबल मुरणार. म्हणून तळाला खडी आणि तिथून पाइप थेट पायाजवळच्या वीपिंग टाइलपर्यंत (पायाभोवतीचा भोकं असलेला पाणी गोळा करणारा पाइप), तिथून संप पंपात, म्हणजे साठलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाकडे, असं काढून दिलं. पास. मग फाइल ग्रेडिंगच्या, म्हणजे जमिनीचा उतार आणि पावसाचं पाणी बघणाऱ्यांच्या, टेबलावर गेली, तिथे म्हणे दोन घरांच्या मधल्या पट्टीत पावसाचं पाणी वाहून न्यायला उथळ चर असते आणि तुमचा खड्डा त्या चरीत येतो, तो लहान करा. लहान केला तर ५५० भरत नाही, मग पहिला माणूस नापास करतो. पहिल्याला विचारलं तर "ग्रेडिंगला विचारा", ग्रेडिंगला विचारलं तर "परमिटवाल्यांना विचारा". ईमेलला उत्तर यायला इतका वेळ की तोवर आपण काय विचारलं होतं तेच परत वाचावं लागायचं. चीड यायची ती याची की आपापल्या जागी दोघंही बरोबर होते, फक्त एकमेकांशी बोलायला कोणी तयार नव्हतं, आणि इकडे बँकेचा हप्ता काही थांबत नव्हता.

शेवटी काउंटरवर जाऊन म्हटलं, दोघांना एकाच कॉलवर घ्या, मी थांबतो. आणि थांबलो. कॉल झाला आणि चहा निवायच्या आत मार्ग निघाला, बेडरूम मागच्या भिंतीला न्यायची. मागे चर घराला लागून नाही, खड्डा हवा तेवढा मोठा करा. बाजूची जुनी छोटी खिडकी हॉलला ठेवली, तिच्यासाठी खणायचंच नाही. उजेडही मागून जास्त येतो, हे बायको पहिल्यापासून म्हणत होती असं तिचं म्हणणं आहे.

तर खिडकी कुठे काढायची ते ठरवायच्या आधी घराचा ग्रेडिंग प्लॅन मिळवा, आर्किटेक्टला पैसे द्यायच्याही आधी.

हो आणि खणण्याआधी ऑन्टारिओ वन कॉलला (जमिनीखालच्या लाइनी कुठे आहेत ते दाखवून घ्यायची सेवा) कळवा, फुकट आहे आणि कायद्याने लागतंच, गॅसची लाइन कुठून गेलीय ते आपल्याला ठाऊक नसतं. झाकण बसवणार असाल तर आतून किल्ली किंवा हत्याराशिवाय उघडणारं. छपराच्या पन्हळीचा पाइप खड्ड्याच्या जवळ सोडू नका. संप पंपाला बॅटरी बॅकअप घ्याच, ८ जुलै २०१३ ला टोरोंटो विमानतळावर १२६ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा वीजही गेली होती, आणि विजेशिवाय पंप नुसता बसून राहतो. कॉन्ट्रॅक्टर बॅटरी कोटेशनमध्ये धरतीलच असं नाही, आमच्यानेही धरली नव्हती, सही करायच्या आधी लिहून घ्या.